मोटारीच्या चाकाची ढिलाई

वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर कंपनी स्थापिली. तिच्या कुर्ला येथील कारखान्यांतून निघालेली फियाट गाडी पुढें १९७४ पासून 'पद्मिनी' या नांवानें घरोघरीं परिचित झाली. मुंबईंतील पद्मिनी टॅक्सीनें ऑक्टोबर २०२३ मध्यें रस्त्याचा निरोप घेतला; तरी रत्नागिरीस एखाद्या घराच्या अंगणांत अशी जुनी गाडी अजून मायेनें जतन केलेली असते. तिला नुसतें झांकून ठेवून भागत नाहीं. केव्हां तरी हातखंबा, पाली, साखरपा करीत आंबा घाटानें कोल्हापूर गांठावें लागतें. परततांना घाटाच्या उतारावर सारी मंडळी ज्याच्या भरंवशावर बसलेलीं असतात, तें पुढलें चाक आपल्या आंसावर कसें बसलें आहे, हा प्रश्न मग केवळ हौसेचा राहत नाहीं.

निघण्यापूर्वीं मालक पुढलें चाक जॅकनें उचलतो, वर एक व खालीं एक हात धरून तें हलवितो, आणि हाताला बारीकसा हिसका जाणवतो. कारागीर यालाच 'प्ले' म्हणतात. अशा वेळीं दोन प्रकारचीं माणसें आढळतात. एक म्हणतो, गाडी जुनी, एवढें चालायचेंच. दुसरा घाबरून पान्हा उचलतो आणि मधला नट अंगांत असेल तितक्या बळानें आवळून टाकतो. दोघेहि चुकतात, पण दुसऱ्याची चूक पुष्कळदां अधिक महागांत पडते.

तें कां, हें कळण्यासाठीं चाकाच्या मध्यभागांत, म्हणजे गाडीवान ज्याला तुंबा म्हणतो व मोटारवाला हब म्हणतो त्यांत, डोकावलें पाहिजे. बैलगाडीचा तुंबा आंसावर घांसतो आणि वंगण तें घर्षण निभावून नेतें. पुष्कळ जुन्या मोटारींच्या पुढल्या तुंब्यांत मात्र निमुळत्या रोलरांचीं दोन बेअरिंगें असतात; आंतलें मोठें, बाहेरचें लहान. हेन्री टिमकेन या अमेरिकेंतील घोडागाड्यांच्या कारखानदाराच्या नांवें अशा बेअरिंगाचें पेटंट आहे, तें १८९८ सालचें. रोलर निमुळते असल्यामुळें गाडीचें वजन आणि वळणावरचा आडवा रेटा हे दोन्ही भार तीं सोसतात. मात्र चाक धांवूं लागलें कीं सारें तापतें व धातु प्रसरण पावतो. म्हणून थंड स्थितींत तेथें थोडी मोकळीक मुद्दाम ठेवावी लागते; ती साधारणपणें इंचाच्या एक ते पांच सहस्रांश इतकी असते. टायरच्या कडेशीं हात धरल्यास ती कांहीं पटींनीं मोठी भासते. हाताला कळेल न कळेल असा हिसका हा रोग नव्हे, ती बेअरिंगाची गरज आहे. ती नाहींशी केली कीं ग्रीस वितळतें, रोलर जळून निळे पडतात, आणि क्वचित् चाक अडकून बसतें.

मॉरिस मायनरसारख्या कांहीं गाड्यांत रोलरांऐवजीं गोळ्यांचीं बेअरिंगें असतात व त्यांचा नट घट्टच आवळावयाचा असतो. तेव्हां आपल्या गाडीचें हस्तपुस्तक आधीं पाहावें.

आतां हिसका मर्यादेबाहेरचा वाटला, तरी तो तुंब्यांतलाच कशावरून? गाडी सपाट, कठीण जमिनीवर घ्यावी. पावसांत भिजलेल्या मातींत जॅक रुततो. मागल्या चाकांना दगड लावावे, उचललेल्या भागाखालीं भक्कम घोडा द्यावा, आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखालीं शिरूं नये. मग एकानें चाक वरखालीं धरून हलवावें व दुसऱ्यानें ब्रेकचें पेडल दाबून धरावें. ब्रेक लागतांच हिसका नाहींसा झाला तर दोष बेअरिंगाचा. तसाच राहिला तर किंगपिन किंवा तिच्या जवळचे सांधे झिजले आहेत, तेथें तुंब्याचा नट फिरवून कांहीं साधणार नाहीं. हात डावीउजवीकडे धरल्यावरच ढिलाई जाणवत असेल, तर स्टिअरिंगच्या दांड्यांचे सांधे आधीं तपासावे. या एवढ्याशा परीक्षेनें कितीतरी चांगलीं बेअरिंगें भंगारांत जाण्यापासून वांचतात.

नंतर चाक हातानें फिरवून एक तळवा स्प्रिंगवर ठेवावा. खरखर हाताला लागली तर तुंबा उघडणें प्राप्त आहे. रत्नागिरीकडे पाऊस मुबलक; सांचलेल्या पाण्यांतून गाडी गेली आणि तुंब्याचें सील झिजलेलें असलें, कीं पाणी आंत शिरतें व ग्रीस दुधाळ होतें. कड्यांवर खड्डे किंवा निळसर डाग दिसले तर रोलर व बाहेरचें कडें हीं दोन्ही मिळून बदलावीं. नव्याजुन्याची जोडी टिकत नाहीं.

सारें निर्दोष असेल तर ग्रीस भरून, चाक फिरवीत फिरवीत नट आवळावा, म्हणजे रोलर जागीं बसतात. मग तो सैल करून पुस्तकांत सांगितलेली मोकळीक ठेवावी. खांच व भोंक जुळत नसेल तर नट सैलाच्या बाजूस न्यावा. स्प्लिट पिन दर वेळीं नवी घालावी. पांचसहा मैल, शक्य तों ब्रेक न वापरतां, फिरून आल्यावर दोन्ही तुंब्यांना जपून हात लावावा. एक कोमट आणि दुसरा चटका देणारा लागला, तर त्या दुसऱ्याचा नट पुन्हा पाहावा, आणि तोंपर्यंत घाटाचा बेत पुढें ढकलावा.