नोट्स कोणत्या सालच्या?

बी.कॉम.चं शेवटचं वर्ष चालू आहे, दुपारी वेळ मिळतो आणि घरात कुणीतरी सुचवलंय, 'म्युच्युअल फंडाची परीक्षा देऊन ठेव, कामाला येईल.' सल्ला चांगला आहे. पण अभ्यास कशातून करायचा, हे विचारलं की गोंधळ सुरू होतो. सीनियर व्हॉट्सअ‍ॅपवर पाचशे प्रश्नांची पीडीएफ टाकतो. कॉलेजजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे स्पायरल बाइंडिंगचा गठ्ठा तयारच असतो. यूट्यूबवर एक दादा 'एका रात्रीत पास' करून देतो. जळगाव असो की धुळे, चित्र सारखंच.

पैसे द्यायच्या आधी एक गोष्ट पक्की करा. परीक्षा नेमकी कोणती? 'फायनान्शियल अ‍ॅडव्हायझर व्हा' असं बोर्डावर लिहिलेलं असतं, पण त्या तीन शब्दांखाली निदान तीन वेगळ्या वाटा आहेत. म्युच्युअल फंड वितरकासाठी एनआयएसएमची सिरीज ५-ए. शंभर प्रश्न, दोन तास, पन्नास गुणांना पास, निगेटिव्ह मार्किंग नाही. ती पास झालात की 'अ‍ॅम्फी'कडे नोंदणी करून एआरएन नंबर घ्यायचा. सेबीकडे नोंदणी करून फी घेऊन सल्ला देणारा गुंतवणूक सल्लागार व्हायचं असेल तर १०-ए आणि १०-बी. तिथे पासिंग साठ टक्क्यांना, चुकलेल्या उत्तराचे गुण कापतात आणि एखाद्या कुटुंबाची आर्थिक परिस्थिती देऊन त्यावर प्रश्न विचारतात. विमा एजंटची परीक्षा तिसरीच, तिचं पुस्तक आयसी-३८. नुसती ५-ए पास झालेला वितरक स्वतःला सल्लागार म्हणवू शकत नाही, सेबीचे २०२० चे नियम यावर स्पष्ट आहेत. तेव्हा ५-ए शिकवून 'अ‍ॅडव्हायझर' बनवतो म्हणणाऱ्या क्लासवाल्याने स्वतः तरी वर्कबुक वाचलंय का, अशी शंका घ्यायला हरकत नाही.

आता वर्कबुकचं. एनआयएसएम ही सेबीने २००६ साली उभी केलेली संस्था, कॅम्पस रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला. ५-ए चं वर्कबुक ती संस्थाच काढते आणि पीडीएफ फुकट देते. स्क्रीनवर वाचवत नसेल तर टॅक्समनने छापलेली प्रत विकत मिळते. बारा प्रकरणं आहेत आणि सुरुवातीलाच कोणत्या प्रकरणाला किती वजन ते दिलेलं असतं. ते पान मुलं सर्रास उलटून पुढे जातात आणि मग लहानशा प्रकरणावर आठवडा घालवतात. पेपर याच वर्कबुकवर निघतो. त्यामुळे माझं मत सरळ आहे. आधी हे वर्कबुक, बाकी सगळं नंतर. आणि बहुतेकांना 'बाकी' मध्ये एक चांगली मॉक टेस्ट सोडली तर काही लागत नाही.

मग झेरॉक्सचा गठ्ठा फेकून द्यायचा? आधी तो कोणत्या सालचा आहे ते बघा. मुखपृष्ठावर कुणी साल लिहीत नाही, पण आत उघडलं की वय कळतं. टॅक्सचं प्रकरण काढा. शेअर फंडावर दीर्घ मुदतीच्या नफ्याला एक लाखावर दहा टक्के कर असं असेल, तर तो मजकूर २३ जुलै २०२४ च्या आधीचा. त्या दिवसापासून दर साडेबारा टक्के आणि सूट सव्वा लाख झाली. डेट फंडाला इंडेक्सेशनचा फायदा सरसकट मिळतो असं लिहिलंय? १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या युनिट्सना ते लागू नाही. रिस्कोमीटरवर पाचच पायऱ्या दिसल्या तर २०२१ च्या आधीचा माल, कारण तेव्हापासून सहा झाल्या. आणि एन्ट्री लोड किती टक्के यावर गणितं असतील, तर मात्र नमस्कार करा. तो लोड ऑगस्ट २००९ मध्येच बंद झाला. दुकानात उभ्या उभ्या दोन मिनिटांत होणारी ही तपासणी आहे.

एक बारकावा लक्षात ठेवा. कायदा बदलला की वर्कबुक त्याच दिवशी बदलत नाही. नवी आवृत्ती येते, ती कोणत्या तारखेपासूनच्या परीक्षेला लागू ते जाहीर होतं. परीक्षेची तारीख घेताना ते जुळवून बघा. उत्तर द्यायचं ते त्या आवृत्तीप्रमाणे. ग्राहकासमोर मात्र आजचा कायदाच चालतो.

ग्राहक म्हटलं की पाठांतराची खरी पंचाईत होते. पाचशे प्रश्न घोकून पन्नास गुण मिळतीलही, निगेटिव्ह मार्किंगच नाही. पण तुमचा पहिला ग्राहक कोण असणार? बहुधा मामा, शेजारचे काका, केळीचे पैसे आलेले रावेरचे कुणी नातेवाईक. आपल्याकडे घरात चार पैसे जमले की सोन्यात किंवा पतसंस्थेत, ही सवय जुनी आहे. आणि जळगावात मुख्यालय असलेल्या बीएचआर पतसंस्थेत ठेवी अडकल्यापासून 'मन्हा पैसा कोठे गयात?' हा प्रश्न इथल्या माणसाच्या ओठावरच असतो. त्याला 'मार्केट रिस्क' हा शब्द ऐकवून भागत नाही. पैसे कुणाच्या ताब्यात असतात, ट्रस्टी कोण, कस्टोडियन कोण, फंड कंपनी बुडाली तर युनिट्सचं काय, हे त्याला समजावून सांगावं लागतं. ते सगळं वर्कबुकच्या कायदेशीर रचनेच्या प्रकरणात आहे. क्वेश्चन बँकेत त्याची फक्त चार पर्यायांची टरफलं उरतात.

म्हणून वाचताना एक करा. प्रत्येक संकल्पना घरी बोलता त्या भाषेत, आईला किंवा आजोबांना सांगून बघा. एक्झिट लोड म्हणजे? 'युनिटचा भाव पन्नास रुपये, लवकर काढलेत आणि लोड एक टक्का असला तर हातात साडेएकोणपन्नास.' एक्सपेन्स रेशो दोन टक्के म्हणजे? 'लाखामागे वर्षाला साधारण दोन हजार, रोज थोडे थोडे, भावातूनच वजा.' आणि एक अवघड प्रश्न तयार ठेवा, तो कुणीतरी विचारणारच: 'डायरेक्ट प्लॅन स्वस्त पडतो म्हणतात, मग तुझ्यामार्फत कशाला?' डायरेक्ट प्लॅन जानेवारी २०१३ पासून आहेत. याचं प्रामाणिक उत्तर जमत नसेल तर अभ्यास अजून बाकी आहे.

इंग्रजी जड जात असेल तर नोंदणी करताना परीक्षेच्या माध्यमाचे पर्याय बघून घ्या. भाषांतर वाचत असाल तरी मूळ इंग्रजी शब्द शेजारी लिहून ठेवा, कारण फॉर्म आणि स्टेटमेंट शेवटी त्याच शब्दांत येतात.

मॉक टेस्ट निवडताना प्रश्नांची संख्या बघू नका. उत्तर का बरोबर, हे सांगते का ते बघा. नुसता 'पर्याय ब' असा हिरवा रंग दाखवणारी फुकट मिळाली तरी महाग. आणि पहिली मॉक पूर्ण वर्कबुक एकदा वाचून झाल्यावरच, घड्याळ लावून. पंच्याहत्तरच्या आसपास येऊ लागले की तारीख घ्या. नापास झालात तर फी पुन्हा भरावी लागते, आणि विद्यार्थ्याच्या खिशाला ती लहान नाही.

नोंदणीसाठी पॅन कार्ड लागतं. अनेकांचं अजून काढलेलंच नसतं किंवा त्यावरचं नाव मार्कशीटपेक्षा वेगळं असतं, वडिलांचं नाव मध्ये आहे-नाही इथपासून. ती दुरुस्ती अभ्यास सुरू करतानाच टाकून द्या, वर्कबुक संपेपर्यंत कार्ड हातात येईल.