पळत्या हरणावर नेम

कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलचे कांस्यपदक पटकावले. त्याचे लक्ष्य जागेवर स्थिर होते. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मात्र एका स्पर्धेत लक्ष्यच पळत असे! ११० यार्डांवर हरणाची आकृती आडवी सरके: अंतर ७५ फूट, वेळ ४ सेकंद, गोळी एकच. अशा दहा फेऱ्या. नेम हरणावर नव्हे, ते पुढच्या क्षणी पोहोचेल तिथे धरायचा; खरी कसोटी हीच. साठी ओलांडलेल्या स्वीडनच्या ऑस्कर स्वान यांनी ४० पैकी २५ गुण मिळवून सुवर्णपदक जिंकले. पुढे १९२० मध्ये, ७२ व्या वर्षी, सांघिक रौप्यही मिळवले. २००४ नंतर धावते लक्ष्य ऑलिंपिकमधून वगळले गेले; नेमबाजीचे हे मोठेच नुकसान आहे.