बोंडू कुजतो, गोळी विकत येते

मार्च ते मे या दिवसांत रत्नागिरी जिल्ह्यातल्या काजीच्या बागांत बी तेवढी गोळा होते आणि बोंडू, म्हणजे काजूची रसाळ फळं, बहुतेक झाडाखालीच कुजतात. त्या बोंडवाच्या 100 ग्रॅम गरात साधारण 200 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं. संत्र्याच्या जवळपास चौपट. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ पुरुषाला दिवसाला 80, स्त्रीला 65, गरोदर स्त्रीला 80 आणि अंगावर पाजणाऱ्या आईला 115 मिलिग्रॅम पुरतं. मध्यम आकाराच्या एका बोंडवात ही गरज जवळजवळ भागते. मग 500 मिलिग्रॅमची गोळी रोज कशासाठी चघळायची?

कोणी म्हणेल, 2010 साली पुरुषासाठी हाच आकडा 40 होता, दहा वर्षांत दुप्पट झाला. उद्या आणखी वाढला तर? पण हिरड्यांतून रक्त येणारा स्कर्व्ही दूर ठेवायला दिवसाला 10 मिलिग्रॅमही पुरतात. त्यावरचं सगळं शरीराचा साठा भरलेला राहावा म्हणून धरलेलं आहे, आणि त्या साठ्यालाही मर्यादा आहे. एका वेळी 1000 मिलिग्रॅमहून जास्त घेतलं तर त्यातलं निम्मंही आतड्यात शोषलं जात नाही. शोषलेलंही बरंचसं लघवीवाटे जातं आणि ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांचा धोका वाढतो. सर्दीचं काय? क जीवनसत्त्वानं सर्दी टळते ही समजूत रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी 1970 साली पुस्तक लिहिल्यापासून जगभर पसरली. त्यानंतरच्या चाचण्यांचा निष्कर्ष असा की रोज गोळी घेणाऱ्या सर्वसामान्य माणसांना सर्दी कमी वेळा होत नाही. झालेली सर्दी मोठ्यांत सुमारे 8 टक्के लवकर आटोपते, इतकंच. सर्दी झाल्यावर गोळी सुरू केली तर तेवढाही भरवसा नाही.

आपल्याकडचा खरा घोटाळा मात्र वेगळा आहे. आमटीत रोज आमसूल असतं, म्हणून क जीवनसत्त्व मिळतंच, असं आपण धरून चालतो. आंबटपणा आणि हे जीवनसत्त्व एक नव्हे. कोकमाचा आंबटपणा वेगळ्या आम्लाचा, चिंचेचा आणखी वेगळ्या. चिंचेत तर क जीवनसत्त्व 100 ग्रॅमला 3 मिलिग्रॅमच्या आसपास. शिवाय ते उष्णतेनं नासतं आणि पाण्यात उतरतं, तेव्हा उकळत्या आमटीवर विसंबण्यात अर्थ नाही. लिंबू पिळायचं ते पातेलं उतरवल्यावर. भाकरी-पालेभाजीसोबत ताजं फळ खाल्लं तर भाकरी-भाजीतलं लोहही अंगी जास्त लागतं, आणि रक्त कमी असलेल्या बायकांसाठी मला ही गोष्ट सर्दीहून कितीतरी मोठी वाटते. बोंडू घशाला खवखवतो हे खरं, ते त्यातल्या टॅनिनमुळे. फोडी करून मीठ लावलं की ती खवखव कमी होते. मोसम मे महिन्यात संपतो हेही खरं. पण पुढे पेरू येतो आणि अर्ध्या पेरूत दिवसाची गरज भागते. येत्या मोसमात बी काढून घेतल्यावर घरापुरते ताजे बोंडू तेवढे टोपलीत ठेवा आणि पोरांच्या हातात द्या.