वारा पूर्वेचा, पाहुणे सैबेरियाचे

पावसाच्या ओढीने आपल्याकडचा शेतकरी आभाळाकडे पाहतो. इंग्लंडच्या नॉरफोक काउंटीतील पक्षीनिरीक्षक तितक्याच ओढीने सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वाऱ्याची दिशा पाहतात. वारा पूर्वेचा असेल आणि त्याला पावसाची किंवा धुक्याची जोड मिळाली, तर दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावरच्या झुडपांत दूरदेशीचे पक्षी सापडण्याची शक्यता बळावते.

याचे कारण भूगोलात आहे. नॉरफोकचा भूभाग उत्तर समुद्रात पुढे आलेला आहे. स्कँडिनेव्हियातून दक्षिणेकडे निघालेले पक्षी पूर्वेच्या वाऱ्याने पश्चिमेकडे ढकलले जातात. धुके-पावसात दिशा हरवलेल्या, थकलेल्या या पक्ष्यांना समुद्र संपताच दिसते ती हीच भूमी. ब्लेकनी पॉइंट या वाळू-गोट्यांच्या लांबलचक जिभेवर तर आडोसा म्हणून केवळ खुरटी झुडपे आहेत. गोट्यांतून पाय ओढत प्रत्येक झुडूप धुंडाळणे हेच येथील पक्षीनिरीक्षण.

या पाहुण्यांत सैबेरियातून आलेले, जेमतेम पाच-सहा ग्रॅम वजनाचे पर्णवटवटेही असतात. त्यांच्यातील अत्यंत दुर्मीळ गणला जाणारा एक म्हणजे ह्यूमचा पर्णवटवट्या. राष्ट्रसभेच्या स्थापनेतील अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांचेच नाव त्याला मिळाले आहे. ह्यूम हे मोठे पक्षीशास्त्रज्ञही होते. हा पक्षी हिवाळ्यात भारतात उतरतो. नॉरफोकमध्ये मात्र वाट चुकून येतो. जवळच्या जातीपासून तो नुसत्या दिसण्यावरून ओळखणे कठीण असते. खरी ओळख पटते ती आवाजावरून.

दुर्मीळता ही पक्ष्यापेक्षा स्थळाशी अधिक निगडित असते. आपल्याकडे पाणथळीत सहज दिसणारा शेकाट्या ब्रिटनमध्ये दीर्घकाळ अपूर्वाईचा होता. टिचवेलच्या अभयारण्यात १९९३ साली आलेला एकटा शेकाट्या २००५ पर्यंत तेथेच राहिला आणि हजारो लोकांनी त्याला पाहिले.

एकोणिसाव्या शतकात याच किनाऱ्यावर दुर्मीळ पक्षी दिसला की तो बंदुकीने टिपला जाई. मृत पक्षी हाच पुरावा मानला जात असे. दुर्बीण आल्यावर पुराव्याचा प्रश्न उभा राहिला. १९५९ पासून ब्रिटनमध्ये दुर्मीळ पक्ष्यांच्या नोंदी तपासणारी तज्ज्ञांची समिती कार्यरत आहे. वर्णन, टिपणे, छायाचित्रे यांवरून ती नोंद स्वीकारते किंवा फेटाळते.

बातमी पसरण्याची साधनेही बदलली. क्ले गावातील नॅन्सीज कॅफे १९८८ मध्ये बंद होईपर्यंत देशभरातले पक्षीवेडे तेथे दूरध्वनी करीत आणि चहा पिणारे गिऱ्हाईकच त्यांना ताजी खबर देई. पुढे पेजर आले, आता मोबाइल आहे. त्यामुळे गर्दी क्षणात जमते. ती पक्ष्याला त्रासदायक ठरू शकते. पण तिचा उपयोगही होतो. २००८ च्या जानेवारीत क्ले येथे उत्तर अमेरिकेतील शुभ्रमुकुटी चिमणी अवतरली, तेव्हा पाहायला आलेल्यांच्या देणग्यांतून गावच्या चर्चसाठी सहा हजार पौंडांहून अधिक रक्कम जमली. त्या चर्चच्या रंगीत काचेत आज ती चिमणी विराजमान आहे.

अर्थात या किनाऱ्याचे वैभव केवळ भरकटलेल्यांवर अवलंबून नाही. आइसलँड व ग्रीनलंडहून येणारे गुलाबी पायांचे हंस हिवाळ्यात बीटच्या कापणी झालेल्या शेतांत चरतात. स्नेटिशम येथे मोठ्या भरतीला चिखल बुडाला की हजारो किनारी पक्षी एकाच वेळी आकाशात झेपावतात.

हा ठेवा टिकवण्याचे प्रयत्नही जुने आहेत. क्लेची दलदल १९२६ मध्ये विकत घेऊन राखण्यात आली आणि त्यातून ब्रिटनमधील काउंटी पातळीवरील पहिली निसर्गसंरक्षक संस्था उभी राहिली. मात्र ५ डिसेंबर २०१३ च्या वादळी भरतीने गोट्यांचा बांध ओलांडला आणि गोड्या पाण्याच्या या दलदलीत समुद्र शिरला. दलदल सावरली, पण समुद्राची पातळी वाढत आहे. समुद्र अडवत राहायचे की दलदलीला जमिनीच्या दिशेने सरकू द्यायचे, हा प्रश्न सुटलेला नाही. कोणता पक्षी कधी आला, किती आले, कोणता येईनासा झाला, याच्या शंभर वर्षांच्या वह्या त्या निर्णयाच्या वेळी कामी येतील. छंद म्हणून केलेल्या नोंदीचे मोल ते हेच.