पॅनेल दोन, शिवार एक
लेखांक ५

गेल्या आठवड्यात ग्रामसभेत मतभेद कसे मांडावेत, ते पाहिले. पण एकमेकांच्या दारात पाय न ठेवणारी माणसे ग्रामसभेत तरी मोकळी कशी बोलणार? आज त्याविषयी.

ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षचिन्हावर होत नाही. तरी गाव फुटते, ते पॅनेलवरून. सरपंच थेट जनतेतून निवडण्याचा निर्णय २०१७ मध्ये झाला, २०२० मध्ये रद्द झाला आणि २०२२ मध्ये पुन्हा लागू झाला. थेट निवडणुकीत एका खुर्चीसाठी सख्खे चुलतभाऊ समोरासमोर येतात. गुलाल धुतला जातो, अबोला राहतो. लग्नाची पत्रिका बंद होते, चहाची टपरी बदलते. एकमेकांकडे जाणे उरते ते फक्त मयतीला.

अशा वेळी ‘राजकारण विसरा’ असे सांगून काही होत नाही. दोन्ही बाजूंना ज्याची गरज आहे, असे काम समोर लागते. २०१८ मध्ये पानी फाउंडेशनची वॉटर कप ही गावागावांतली जलसंधारणाची स्पर्धा ७५ तालुक्यांत झाली. मोताळा तालुक्यातल्या सिंदखेडने त्या वर्षी राज्यात संयुक्तपणे दुसरा क्रमांक मिळवला. (जिजाऊंचे सिंदखेडराजा वेगळे, हे गाव मोताळ्याचे.)

या स्पर्धेची रचना समजून घेण्यासारखी होती. ८ एप्रिल ते २२ मे, म्हणजे ऐन उन्हाळ्याचे ४५ दिवस. श्रमदानाचे गुण लोकसंख्येच्या प्रमाणात. त्यामुळे अर्धे गाव घरी बसले, तर उरलेल्या अर्ध्याने कितीही घाम गाळला तरी आकडा गाठणे अवघड होते. विरोधी पॅनेलच्या माणसाला बोलावणे ही गरजच होऊन बसे. समतल चर खणताना एक कुदळ चालवतो, दुसरा घमेले भरतो, तिसरा ते बांधावर रिकामे करतो. घमेले हातात देताना ‘काऊन भाऊ, दमला का?’ एवढे तरी बोलावेच लागते.

कामाआधीची शिवारफेरीही तेवढीच मोलाची. कोणता नाला कुठे अडायचा, कोणत्या विहिरीला मेमध्ये पाणी असायचे, हे म्हातारी माणसे सांगतात. त्यातून १९७२ चा दुष्काळ निघतो, खडी फोडण्याची कामे निघतात, तेव्हा खायला मिळालेली सुकडी निघते. त्या आठवणींना पॅनेल नसते. ऐकणाऱ्या पोरांना कळते, की आपल्या दोन्ही घरांचे आजोबा एकाच कामावर खडी फोडत होते.

मात्र एक सावधगिरी हवी. राज्यात १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. तंटा गावातच मिटावा, हा तिचा हेतू चांगलाच. पण दुबळ्याला गप्प बसवून केलेली तडजोड हा संवाद नव्हे. बायाबापड्या आणि वस्तीवरची माणसे मागे उभी राहिली आणि पारावर तेच चार जण बोलले, तर गाव जुळले असे म्हणता येणार नाही.

स्पर्धा संपते, निवडणूक पुन्हा येते. म्हणून गावाने दरवर्षी एक काम असे धरावे, जे दोन्ही पॅनेलशिवाय पुरे होणार नाही : नाल्याचा गाळ, शाळेची भिंत, स्मशानभूमीचा रस्ता. वाचकहो, येत्या ग्रामसभेआधी दुसऱ्या पॅनेलच्या एका घरी जाऊन बसा. मताचा विषय काढू नका. त्या घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला गावच्या पाण्याविषयी विचारा आणि त्यांचे बोलणे संपेपर्यंत ऐका.