स्वस्तात मिळालेली महागडी गाडी

जळगावच्या फुले मार्केटात दुपारी गिऱ्हाईक कमी असते, तेव्हा गप्पा बहुधा दोनच गोष्टींवर होतात. एक सुरतेचा भाव आणि दुसरी गाड्या. गेल्या महिन्यात आमच्या ओळीतील एका तरुण दुकानदाराने मोबाइलवर फोटो दाखवला. पांढरी मर्सिडीज ई-क्लास, एमएच-२० चा नंबर, मॉडेल २०१०, मागणी सात लाख. "चाचा, एवढ्यात धड छोटी नवी गाडी येत नाही आणि इथे मर्सिडीज मिळतेय. काय म्हणता?"

मी लगेच उत्तर दिले नाही. कारण २०२२ साली हाच सवाल मी स्वतःला केला होता आणि त्याचे चुकीचे उत्तर दिले होते.

एमएच-२० चा नंबर पाहून अनेकांना औरंगाबादची (आता छत्रपती संभाजीनगर) ती गाजलेली खरेदी आठवेल. ऑक्टोबर २०१० मध्ये तेथील उद्योजक, डॉक्टर, बिल्डर मंडळींनी एकत्र येऊन एकाच दिवशी १५० मर्सिडीज घेतल्या. एकूण किंमत सुमारे ६५ कोटी, म्हणजे गाडीमागे सरासरी ४३ लाख. फोटोतली गाडी त्यांपैकीच असेल असे नाही, पण ती त्याच पिढीची आहे. अशा मोटारी आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हातून जळगाव-धुळ्याच्या बाजारात येतात. पंधरा वर्षे झाली की नोंदणीचे नूतनीकरण आणि तपासणी आली, आणि एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी ही फी ६०० रुपयांवरून ५,००० झाली आहे. हा खर्च मात्र सर्वांत लहान.

खरी गोम वेगळी आहे. गाडी ४३ लाखांवरून सातावर आली, पण तिचे सुटे भाग सात लाखांच्या गाडीचे झाले नाहीत. कापडात आपण मागच्या मोसमाचा माल निम्म्या भावात उचलतो, तो तिथेच स्वस्त पडतो. ते थान नंतर आपल्याकडे पैसे मागायला येत नाही. गाडी येते, आणि नव्या गाडीच्या मालकाला लागणाऱ्या दरानेच मागते.

माझा हिशेब मांडतो. गाडीचे नाव लिहीत नाही. जर्मन कंपनीची, टर्बो पेट्रोल, ऑटोमॅटिक, २०११ चे मॉडेल, सुरतेच्या एका दलालामार्फत ६,२५,००० रुपयांना घेतली. पैसे रोख दिले, कारण व्याजाचे कर्ज घ्यायचे नव्हते. दोन मोसम गाडी उत्तम चालली. रुबाब तर असा की धुळ्याच्या पाचकंदिलात उतरलो की जुने व्यापारीही दुकानातून डोकावत. २०२३ च्या रमजानमध्ये, ईदला आठ-दहा दिवस राहिले असताना, धुळ्याहून वसुली करून परतताना पारोळ्याच्या अलीकडे ती दुसऱ्या गिअरमध्ये अडकली आणि मग हललीच नाही. भर उन्हात, रोजा असताना, तीन तास टोइंगच्या गाडीची वाट पाहिली. आमच्या जवळच्या गॅरेजवाल्याने बोनेट उघडून पाहिले आणि सरळ सांगितले, "हे कॉम्प्युटरचे काम आहे, नाशिकला न्या."

टोइंग १४,०००. गिअरबॉक्सचे कंट्रोल युनिट १,८५,०००. मग वर्षभरात पुढच्या सस्पेन्शनचे आर्म आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर ७२,०००, चार टायर ५२,०००, वॉटर पंप आणि रेडिएटरचा पंखा ३१,०००. बेरीज ३,५४,०००. इन्शुरन्स, पेट्रोल आणि गुजरातची गाडी महाराष्ट्रात नोंदवताना भरलेला कर यात धरलेला नाही. शिवाय गिअरबॉक्सच्या वेळी गाडी सोळा दिवस नाशिकला पडून होती, आणि ईदच्या ऐन मोसमात सुरतेहून रोखीने उचलायच्या मालाचे पैसे तिच्यात गेले. त्या ईदला माझ्या दुकानात लेडीज ड्रेस मटेरियल कमी पडले, गिऱ्हाईक शेजारी गेले. त्यातले काही अजून शेजारीच जाते.

याला निव्वळ नशीब म्हणता येणार नाही. या गाड्यांचे काही दुखणे जगजाहीर आहे. फोक्सवॅगन गटाच्या (स्कोडा, ऑडी यातच आल्या) सात गिअरच्या ड्राय क्लच डीएसजी गिअरबॉक्सपायी कंपनीने २०१३ साली चीनमध्ये ३,८४,१८१ गाड्या परत बोलावल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात जगभरातील १६ लाख गाड्यांच्या गिअरबॉक्सचे तेल बदलण्याचे ठरले, कारण उष्ण-दमट हवेत, थांबत-थांबत चालणाऱ्या रहदारीत आतले सिंथेटिक तेल विजेच्या भागात बिघाड करू शकत होते. भुसावळचा मे महिना ज्याने पाहिला आहे त्याने उष्णतेचा अंदाज करावा. बीएमडब्ल्यूच्या २००७ ते २०११ च्या दोन लिटर डिझेल इंजिनात टायमिंग चेन मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे बसवलेली आहे. सकाळी थंड इंजिन सुरू करताना मागून खडखड आली तर समजावे. साखळीची किंमत थोडी, पण तिथवर पोहोचायला इंजिन उतरवावे लागते. मर्सिडीजच्या २००३ ते २००६ च्या ई-क्लासमध्ये इलेक्ट्रॉनिक ब्रेकचा पंप होता. ब्रेक किती वेळा दाबला हे तो मोजतो आणि ठरावीक आकड्यानंतर बदला म्हणतो. २००४ आणि २००५ मध्ये कंपनीला लाखो गाड्या यासाठी परत बोलवाव्या लागल्या आणि पुढे तो पंपच काढून टाकला.

इंजिन नुसते चांगले असून भागत नाही. आपल्या सुरत-नागपूर महामार्गाचा जळगाव-धुळे टप्पा किती वर्षे रखडला हे सर्वांना ठाऊक आहे. त्या खड्ड्यांत आखूड साइडवॉलचे टायर आणि अ‍ॅल्युमिनियमचे आर्म किती टिकणार? काही बीएमडब्ल्यूंत रन-फ्लॅट टायर असतात आणि स्टेपनी नसते.

मग घ्यायचीच नाही का? मी असे म्हणत नाही. शौक हाही माणसाला असतो. पण थान घेताना आपण वरचे दोन वार पाहून पैसे देत नाही, आतपर्यंत उलगडून पाहतो. गाडीही तशीच उलगडावी. मीटरवरच्या किलोमीटरवर भरवसा ठेवू नये, पेडलचे रबर, सीटची कड, स्टीअरिंगची झीज पाहावी आणि सर्व्हिसची बिले मागावीत. ज्याच्याकडे त्या कंपनीचा स्कॅनर आहे असाच मेकॅनिक बरोबर न्यावा. त्याचे दोन-तीन हजार वाचवणारा मीच एक होतो. सीटखालचा गालिचा उचलून पाहावा. ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या पुरात सुरत बुडाली, तेव्हा भिजलेला माल धुऊन-इस्त्री करून कसा विकला गेला हे आपल्या धंद्यात सर्वांनी पाहिले आहे. २०१५ च्या डिसेंबरात चेन्नईच्या पुरात मोटारी भिजल्या, त्यांचेही तेच. बेल्टच्या बिजागरीत माती, वायरिंगच्या सॉकेटवर हिरवट गंज ही त्याची खूण.

रोखीने घेणाऱ्याने आणखी एक पाहावे. कर्ज असले की बँक निदान कागद तरी तपासते, आपण तेही करत नाही. आरसीवर बँकेचा बोजा आहे का, तो उतरल्याचा फॉर्म ३५ आहे का, दुसऱ्या राज्याची असेल तर आरटीओची एनओसी, ई-चलने बाकी किती, हे परिवहन खात्याच्या वेबसाइटवर घरबसल्या दिसते. इन्शुरन्सवाल्यालाही आधीच विचारावे, कारण साध्या पॉलिसीत प्लास्टिक-रबरच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो आणि या गाड्यांचे अर्धे बंपर-दिवे प्लास्टिकचेच.

आणि पैसे. सात लाखांची गाडी घ्यायची असेल तर आणखी साडेतीन लाख बाजूला ठेवून घ्यावी, आणि ते दुकानाच्या भांडवलातले नसावेत. तेवढे नसतील तर मॅन्युअल गिअरची जुनी ऑक्टाव्हिया डिझेल किंवा टोयोटा कोरोला बघावी. रुबाब कमी, पण त्यांची कामे जळगावातला चांगला मिस्त्रीही करतो.

माझी गाडी मी २०२४ मध्ये विकली. घेणाऱ्याला गिअरबॉक्सचे बिल दाखवले, जे ऐब माहीत होते ते सांगितले. म्हणून किंमत ३,१०,००० आली. दोन वर्षांत ६,६९,००० गेले.

हे आकडे मी त्या तरुणालाही लिहून दिले. तो रविवारी गाडी पाहायला जाणार आहे आणि मेकॅनिक नेण्याचे त्याने कबूल केले आहे. विकणाऱ्याकडे त्याने सर्व्हिसची बिले मागितली आहेत. ती अजून आलेली नाहीत.