संशोधकाची मार्कलिस्ट कशी वाचायची?

लातूर पॅटर्नवर वाढलेल्या आपल्याला नीटचे ७२० पैकी किती, हे लगेच कळतं. पण रेणुजीवशास्त्रातल्या संशोधकाचा 'एच-इंडेक्स ४' म्हणजे काय? 🧬

सोपं आहे. समजा पाच शोधनिबंध आहेत आणि इतरांनी त्यांचा अनुक्रमे ४०, १२, ६, ४, २ वेळा संदर्भ (सायटेशन) दिलाय. किमान ४ सायटेशन असलेले निबंध ४, म्हणून एच-इंडेक्स ४. भौतिकशास्त्रज्ञ हॉर्हे हर्श यांनी २००५ मध्ये ही मोजणी सुचवली. नुसते निबंध वाढवले तर हा आकडा हलत नाही.

आता गंमत बघा. नांदेड-लातूरकडे बीएस्सी, एमएस्सीला बायोकेमिस्ट्री घेतलेल्यांनी प्रथिनं मोजायची लॉरी पद्धत केलेलीच असते. नमुन्यात अल्कधर्मी तांब्याचं द्रावण, मग फॉलिन अभिकर्मक. नळी निळी होते. जितकी गडद, तितकी प्रथिनं जास्त. ही पद्धत मांडणारा १९५१ चा निबंध 'नेचर'च्या सर्वाधिक संदर्भ मिळालेल्या निबंधांच्या २०१४ च्या यादीत ३ लाखांहून अधिक सायटेशनसह पहिला होता! तिथे सँगर यांची डीएनए वाचण्याची नोबेलविजेती पद्धतही त्याच्या मागेच.

म्हणजे सायटेशन सांगतं, काम किती वापरलं गेलं. ते किती थोर, हे नाही.

म्हणून पीएचडीसाठी गाईड निवडताना एवढं बघा:
🔹 स्वतःचेच संदर्भ किती?
🔹 निबंधात पहिलं नाव कुणाचं?
🔹 वय किती? नवख्याचा एच-इंडेक्स कमीच असणार.

आणि शेवटी दोन निबंध स्वतः वाचा. मार्कलिस्ट बघून पेपर कळत नाही राव!

#विज्ञानमराठीत #नांदेड #लातूर